नासपतीच्या भिंतीवरचं नाव

रविवार, ६ जुलै

मामा,

आज पायात चप्पल घालवत नाही, म्हणून घरीच बसून हे लिहिते आहे. काल बाजाराचा शनिवार होता. बाग पाहायला सहाशेच्या वर माणसं आली. मी मोजली नाहीत, फाटकावरच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा आकडा त्यांच्या भरवशावर. त्यांतल्या पाच फेऱ्या मी नेल्या. प्रत्येक फेरीत तेच चार प्रश्न: मालक अजून इथे राहतात का, फळ तोडलं तर चालेल का, पुढे चढ किती आहे, आणि स्वच्छतागृह कुठे. शेवटचा प्रश्न लोक सगळ्यात मनापासून विचारतात.

तबेल्याचं आवार आता तुम्ही ओळखणार नाही. घोड्यांच्या एकेका खणात एकेक शेतकरी बसतो. अंडी, मध, टोमॅटो, फुलांचे गुच्छ. लोक आधी बाग पाहतात आणि मग पिशव्या भरतात. काही जण उलटं करतात आणि कोबी काखेत धरून गुलाब बघतात. त्यांना मी पटापट पुढे नेते, कारण कोबी जड होत जातो तशी त्यांची गोडी कमी होत जाते.

खरी बातमी वेगळीच आहे. नासपतीच्या भिंतीपाशी फलक लागणार. माहितीपत्रकाचं काम यंदा माझ्याकडे आहे; त्यात आजवर एवढंच होतं, की जुनं झाड आहे आणि भिंतीला टेकवून शिडीसारखं वाढवलेलं आहे. कुणी वाढवलं, ते नाही. मी तीन महिने व्यवस्थापकांच्या मागे लागले होते. शेवटी ते कंटाळून म्हणाले, लिहून आणा, पण फलक धातूचा ओतीव आहे, एकदा ओतला की ओतला, तेव्हा माहिती खरी असल्याबद्दल तुमची सही लागेल. मी हो म्हटलं. तुमचं नाव जाणार, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मी लहान असताना तुम्ही मला त्या झाडापुढे उभं करायचात आणि म्हणायचात, फांद्यांचे हे सगळे मजले मी चढवले. मी मोजायची, सात भरायचे. आपल्या घरात अक्षर पहिल्यांदा मला आलं आणि ते मी तुम्हाला शिकवलं, तेव्हा तुमचं नाव नीट लिहिलं जाणं हे माझंच काम आहे. फोन करत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही आणि आल्यासारखं तुम्ही हो हो म्हणता. ही सहीची बाब आहे, हो हो चालणार नाही. तीन गोष्टी कळवा: वर्ष कोणतं, मजले सातच ना, आणि फांद्या कशाने बांधल्या होत्या.

तुमची,
पाटी

*

मंगळवार, १५ जुलै

पाटी,

पत्र मिळालं. पाय कोमट पाण्यात ठेवत जा, मीठ घालून.

इथे बरं आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली उतरलं की वर यायचं संकट, म्हणून उतरतच नाही. सूनबाईने गॅलरीत चार कुंड्या मला दिल्या आहेत. तीन मी सांभाळतो. चौथीत ती चहाचा गाळ टाकते, मी काही बोलत नाही. तिचं घर आहे.

फलकाचं राहू दे. झाड उभं आहे, दिसतं आहे, त्याला आणखी कशाला सांगायचं? आणि लिहायचंच झालं तर 'बागेच्या माळ्यांनी' असं लिही. कुणाला वाईट वाटत नाही.

वर्ष आठवत नाही. मजले आठ आहेत. आठवा भिंतीवरच्या दगडाच्या सावलीत जातो म्हणून तुला सात दिसतात. बांधायला जुन्या कपड्याच्या पट्ट्या. ज्याने त्याने आपल्या घरचं फाटकं आणायचं, अशी पद्धत होती. सुतळी साल कापते, कापड कापत नाही. पट्टी फांदीभोवती घ्यायची, दोन्ही टोकं एकत्र करून विटांच्या सांध्यात खिळा ठोकायचा. आत बोट शिरेल एवढी ढिली ठेवायची.

बाजारात कोपऱ्यातल्या खणात, पंपाशेजारी, आता कोण बसतं? सहज विचारतो.

मामा

*

रविवार, २७ जुलै

मामा,

सहज विचारलंत म्हणून आधी तेच. कोपऱ्यातल्या खणात कात्री बसते. तुमच्या वेळी खुरपणीच्या बायकांत होती, तुम्हाला आठवेल. आता हिरव्या पानांच्या जुड्या विकते. वय झालं आहे पण जीभ नावाला जागते. काल एका गिऱ्हाइकाने पुदिना ताजा आहे का विचारलं, तर म्हणाली, 'नाही, तुमच्यासाठी मागच्या वर्षीपासून राखून ठेवलाय.' गिऱ्हाइकाने दोन जुड्या घेतल्या.

ती माझ्याशी ओळख दाखवते आणि दाखवतही नाही. कधीकधी माझ्या फेरीच्या मागे येऊन उभी राहते, हात पुसत. नासपतीपाशी मी तुमचं सांगायला लागले की निघून जाते. तिला खणाकडे बघायचं असेल.

'बागेच्या माळ्यांनी' असं मी लिहिणार नाही. राग मानू नका, पण हा तुमचा जुना स्वभाव आहे. मामी म्हणायची, जेवायला बसलात तरी पहिला घास दुसऱ्याच्या ताटात बघता. सगळ्यांनी केलं असं लिहिलं, की कुणीच केलं नाही असं वाचतात. मी रोज लोकांना वाचताना बघते.

परवा शिडी लावून स्वतः वर चढले, कारण तुम्ही आठ म्हणता आणि मी सात मोजलेले, आणि सही माझी. आठच आहेत. वरच्या दगडाखाली पाऊस पोचत नाही, तिथे एका गंजलेल्या खिळ्याला जुनी पट्टी अजून चिकटून होती. निळ्यावर पिवळी फुलं. धरून पाहिली तर मला एकदम भरून आलं. तुमचे कपडे जन्मभर खाकी, म्हणजे ही मामीच्या कपड्याची. ज्याने त्याने आपल्या घरचं फाटकं आणायचं, तुम्हीच लिहिलंत. मामीला जाऊन सहा वर्षं झाली आणि तिचा कपडा अजून तुमच्या झाडाला धरून आहे. पाकिटात ती पट्टी ठेवली आहे. परवानगी घेतली. व्यवस्थापक म्हणाले, चिंधीला कसली परवानगी. तरी घेतली.

सही शुक्रवारी केली. पाच सप्टेंबरला मजकूर ओतायला जाईल.

तुमची,
पाटी

*

रविवार, २४ ऑगस्ट

मामा,

चार आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. दादाला फोन केला. तो म्हणाला, बाबा ठीक आहेत, जेवतात, पण गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि पुढ्यात कोरा कागद घेतात. मामीची पट्टी पाठवून मी तुम्हाला दुखावलं का? मला आधी विचारायला हवं होतं. ती गोष्ट पोस्टाने पाठवण्यासारखी नव्हती हे पेटीत टाकल्यावर सुचलं.

इथे गर्दी वाढली आहे. फळं भरली आहेत, लोक भिंतीला हात लावतात, मी नको म्हणते, दुसरा लावतो. संध्याकाळी घसा बसतो. घरी आले की दिवा न लावता तशीच बसते.

काल एक गोष्ट झाली, ती मनातून जात नाही. फेऱ्या संपल्यावर कात्रीच्या खणापाशी बसले होते. थकलेलं माणूस जास्त बोलतं. मी तिला पट्टीचं सांगितलं, निळी, पिवळ्या फुलांची, मामीची. तिने जुडी बांधता बांधता हात थांबवला. म्हणाली, तुझी मामी निळं घालायची का? मी आठवून पाहिलं. मामी राखाडी आणि तपकिरी घालायची, माती दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, तरुणपणी घालत असेल. त्यावर ती म्हणाली, 'तुझ्या मामाला एक विचार. वर कोण होतं आणि खाली कोण होतं.' मग गिऱ्हाईक आलं आणि ती माझ्याकडे पाठ करून बसली.

मला याचा अर्थ लागत नाही. खरं म्हणजे एक अर्थ लागतो, पण तो मी लिहिणार नाही, कारण तो चुकीचा असला तर तुमचा अपमान होईल. मामा, पाच तारखेपूर्वी उत्तर द्या. दोन ओळी चालतील. फक्त सगळं बरोबर आहे असं लिहा.

पाटी

*

शुक्रवार, २९ ऑगस्ट

पाटी,

बरोबर नाही.

ती पट्टी तुझ्या मामीची नाही, कात्रीची आहे. तो कपडा मी ओळखतो. शिडी धरून वर बघायचो तेव्हा तोच दिसायचा, आधी तिच्या अंगावर, मग फाटल्यावर झाडावर.

झाड तिने चढवलं. मी खाली शिडी धरली. तिचे वडील दुसऱ्या कुठल्या बागेत हे काम करायचे, त्यांचं बघून तिला येत होतं. आपल्या बागेत कुणालाच येत नव्हतं. तेव्हाच्या मुख्य माळ्यांचा नियम होता, बाईने शिडीवर चढायचं नाही, खुरपं घेऊन जमिनीवर बसायचं. म्हणून ते यायच्या आधी, सकाळी लवकर, आम्ही दोघं करायचो. वर्षाला एक मजला वाढतो, जास्त नाही. सहाव्या वर्षी मालकीणबाई फिरत आल्या, थांबल्या, आणि कुणी केलं म्हणून विचारलं. मुख्य माळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शिडी माझ्या खांद्यावर होती. मी म्हटलं, मी. तिचं नाव घेतलं असतं तर दुपारपर्यंत ती फाटकाबाहेर असती. तीही तिथेच खुरपत होती, तिने मान वर केली नाही.

त्या दिवशी मी तिच्यासाठी खोटं बोललो. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी.

पुढच्या वर्षी जुने माळी गेले आणि मला मुख्य माळी केलं. त्या झाडामुळेच केलं. आता नियम माझा होता. मी तिला म्हणू शकत होतो, चढ दिवसा. म्हटलं नाही. दिवसा चढली असती तर लोकांनी पाहिलं असतं. सातवा आणि आठवा मजलाही तिने सकाळीच चढवला, मी खाली होतो, आणि आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मग तू माझ्याकडे राहायला आलीस आणि एक दिवस विचारलंस, मामा, हे कुणी केलं? तोवर मला सवय झाली होती.

चार आठवडे कागद घेऊन बसतो आहे. अक्षरं तू शिकवलीस. पण ती हे लिहायला लागतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सही परत घे. तुझी नोकरी जाईल का, याची काळजी आहे. ती मी सहीआधी करायला हवी होती.

मामा

*

रविवार, ७ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर पुन्हा वाचायला मला लाज वाटली असती.

गुरुवारी व्यवस्थापकांकडे गेले. सांगितलं की माझी माहिती चुकीची होती, सही परत हवी. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, मागे लागलात तुम्ही, सही केलीत तुम्ही, आणि आता नाही म्हणताही तुम्हीच. मी म्हटलं, हो. तिन्ही मीच. फलक या वर्षी रद्द. माहितीपत्रकाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. फेऱ्या ठेवल्या आहेत, कारण शनिवारी पाच फेऱ्या न्यायला दुसरं कुणी तयार नाही.

नोकरी गेली नाही. म्हणजे ती काळजी सोडा. कात्रीची सोडू नका.

मी हिशेब लावत बसते, मामा. मुख्य माळी झालात म्हणून ते घर मिळालं. घर शाळेच्या रस्त्यावर होतं म्हणून मला शाळेत घातलं. आपल्यात पहिली शिकलेली म्हणून सगळे माझं कौतुक करतात, आणि मी शिकले ती कात्रीच्या आठ मजल्यांवर पाय देऊन. मला कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. तरी पाय माझे होते. आणि गेली दोन वर्षं दर शनिवारी, तिच्यासमोर, मोठ्या आवाजात मी तुमचं नाव सांगत होते. ती हात पुसत ऐकत होती. मला वाटायचं, हिला खणाकडे बघायचं असेल.

शुक्रवारी तिच्या घरी गेले आणि सांगितलं. ती पानं निवडत होती. म्हणाली, 'आत्ता कळलं?' मी म्हटलं, बुधवारी. म्हणाली, 'तुला नाही विचारत. त्याला आत्ता कळलं का, ते विचारते.' पुढच्या वर्षी फलकावर तिचं नाव घालायला सांगेन, म्हटलं. तर म्हणे, फलक घेऊन काय करू, त्यावर पुदिना वाळत घालू? मग जुडीला गाठ मारली, ती चुकली, सोडून पुन्हा मारली. मी तिची गाठ चुकलेली याआधी पाहिली नव्हती.

काल पाचही फेऱ्यांत खरं सांगितलं. शेवटच्या फेरीला ती येऊन मागे उभी राहिली आणि या वेळी गेली नाही. मधेच म्हणाली, चौथ्या मजल्याच्या वर्षी पाऊस नव्हता, पाणी डोक्यावरून आणलं, तेही सांग. लोकांनी वळून पाहिलं. कोबीवाला एक जण होता, त्याने कोबी खाली ठेवला.

मी तुमच्यावर रागावले आहे. किती दिवस ते माहीत नाही. माहीत नसताना तारीख देणार नाही. गुडघ्याला तेल लावत जा.

पाटी

*

रविवार, २१ सप्टेंबर

(मामा, हे पत्र कात्रीचं आहे. ती सांगते तसं मी लिहिते आहे. एकही शब्द माझा नाही. — पाटी)

शिडीवाल्या,

पोरगी लिहिते आहे. सांगेन तसंच लिहीन अशी शपथ तिने न मागता घेतली. हिला शपथा फार लागतात, हे कुणाकडून आलं कळत नाही, तुझ्याकडून तर नक्की नाही.

तुझं पत्र हिने मला वाचून दाखवलं. मी दाखवायला लावलं. माफीचं लिहिलं नाहीस ते बरं केलंस. माफी मागितली असतीस तर मला द्यायची की नाही हे ठरवत बसावं लागलं असतं, आणि मला बाजार असतो.

कामाचं ऐक. वरच्या दोन मजल्यांच्या पट्ट्या कुजल्या. आताचे माळी प्लास्टिकने आवळतात, झाडाला फास लावल्यासारखं. मी व्यवस्थापकाला सांगितलं, जानेवारीत पानं झडली की मी बांधते. दिवसा, लोकांसमोर. तो म्हणाला, आजी, तुमचं वय झालं. मी म्हटलं, झाडाचंही झालं, त्याला नाही पाडत तुम्ही. मग म्हणाला, शिडी धरायला भरवशाचा माणूस असेल तर चढा. पोरगीला धरायला लावून पाहिलं. शिडीपेक्षा हीच जास्त हलते.

तू कसा आहेस ते मी इतकी वर्षं मनात म्हणत आले. ते काही मागे घेत नाही. पण आठ वर्षांत एकदाही शिडी हलू दिली नाहीस. एकदा तुझ्या हातावर गांधीलमाशी बसली, चावली, तरी सोडली नाहीस. हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे लपवलं दोघांनी.

येणार असशील तर ये. नसशील तर लवकर कळव, दुसरा माणूस बघते.

कात्री

*

मंगळवार, ३० सप्टेंबर

पाटी,

तिला वाचून दाखव.

येतो. दुसरा माणूस बघू नकोस. जिना उतरायची सवय आजपासून करतो आहे. आज खालपर्यंत गेलो आणि वर आलो, मधे दोनदा बसलो. सूनबाई घाबरली. गुडघ्यांना चढणं जमत नाही, पण धरणाऱ्याला चढावं लागत नाही. पट्ट्यांसाठी माझे दोन खाकी सदरे घेऊन येतो. निळी चिंधी या पाकिटात आहे, ती तिची तिला दे.

एक शनिवार आधी येईन. मागच्या दाराने नाही, पुढच्या फाटकाने, तिकीट काढून. तुझ्या फेरीत शेवटी उभा राहीन. मला ओळख दाखवू नकोस. नासपतीपाशी तू आता जे सांगतेस, ते मला पुरतं ऐकायचं आहे.

कान जड आहेत. जरा मोठ्याने सांग.

मामा